सहार गावठाण

साकोलीहून आणल्या चार तलंगा, एक कोंबडा,
पाटीला जुनं लुगडं बांधून.
फिलोमिनाबाईंनी मोरीमागची जागा दिली,
"अंडी अर्धी माझी."

पहिलं विमान कौलांवरून गेलं
तशा सगळ्या जमिनीला चिकटल्या.
घार समजल्या.
दर तीन मिनिटांनी घार.
सतरा दिवस एक अंडं नाही.
कोंबडा हॅलोजनला उजाडलं समजून
रात्री दोनला आरवायचा,
मी उठून चूल शोधायचे.

आता कुणी मान वर करत नाही.
तांबडी तर खुडूक बसलीय.

काल दुपारी एक सावली
माझ्या सुपावरून अंगणात गेली.
आवाज नव्हता, एवढंच.
त्या दाणे टिपत राहिल्या,
मी तांदूळ निवडत.

खुराडं लावताना मोजल्या.
तीन.