एक्केचाळीस सेकंदं

पूर्णेच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात आम्ही पाच जण.
भिंतीवर फळा, फळ्यावर सहा नावं,
सातव्याची जागा कोरी.
पेंटर बाहेर ओट्यावर बसून बिडी ओढतोय.
त्याला अक्षरागणिक पैसे,
म्हणून तो म्हणतो, लांब नावाचा माणूस निवडा.

विषय: सायलू कोंडलवार, सत्तावन्न किलो, डावखुरा.
मेला त्याला यंदा एकोणीस वर्षं.

कलंदर मास्तरांनी बत्तीस वर्षं घंटा वाजवली.
म्हणाले, तसला डावा हात पुन्हा नाही.
निघताना दिसायचाच नाही,
समोरचा खाली बसला की कळायचं,
येऊन गेला.

उबाळ्यांनी वही उघडली. लाल शाईची, बुकिंग क्लार्कची वही.
अठ्ठावीस लढती, बावीस जिंकल्या.
पण कोणाशी?
धर्माबादचा पोरगा, अकोल्याचा शिंपी,
मनमाडचा तो ढेरपोट्या फायरमन.
विजयवाड्याचा चॅम्पियन आला तेव्हा तुमचा सायलू कुठं व्हता?
गार्डाच्या डब्यात, पिऊन, आडवा. परळीला उतरवला त्याला.
गळा तर कोकिळेलाबी असतो, उबाळे म्हणाले,
रियाज कोण करतं ते लिहा फळ्यावर.

मास्तर चिडले.
सिकंदराबादला मोडका अंगठा घेऊन
तीन राउंड उभा राहिला, ते आहे का वहीत?
आहे, उबाळे म्हणाले. हरला.

मग खिल्लारे मॅडम बोलल्या.
त्या आता पोरींना शिकवतात, सकाळी पाचला, बंद पडलेल्या लोको शेडमागं.
म्हणाल्या, राजमणीला विचारलं का कोणी?
त्या डाव्या हाताची सगळ्यात जास्त माहिती तिलाच.
ती कुठल्या वजनगटात व्हती?
त्या लढती लिहिल्यात का, उबाळे?

पंख्याची खरखर तेवढी राहिली.
आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.
क्वार्टरच्या भिंती पातळ असतात.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.
कारण मी लढलोय त्याच्याशी.

लढलोय म्हणजे, एक्केचाळीस सेकंदं.
मालगाडीच्या ताडपत्रीवर, डिझेलचा वास,
पहिल्या रांगेत माझा बाप, मांडीवर पेरूची पिशवी.
मी एक ठोसा मारला. तो कुठं गेला ठाऊक नाही.
मग ताडपत्रीची शिवण दिसली, अगदी जवळून,
आणि गडगडत गेलेला एक पेरू.
त्यानंच मला उचललं. तोंड पुसलं.
कानाशी म्हणाला, जेवला न्हाईस का रे?
खरंच जेवलो नव्हतो.

पुढं चाळीस वर्षं मी सांगत आलो,
लग्नात, मयतीला, पेन्शनच्या रांगेत:
मी हरलो, पण कोणाशी हरलो ते बघा.
माझ्या पोरांना ती गोष्ट पाठ आहे.
तो मोठा तर मीही थोडा उभा राहतो.
तो नुसताच दारुडा, तर मग
एका दारुड्यानं मला एक्केचाळीस सेकंदांत आडवं केलं,
एवढीच माझी कहाणी.

असला माणूस पंच कसा होईल?
हे बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही.

एकदा पहाटे राजमणी नळावर दिसली होती,
डोळ्यावर पदर ओढून.
मी बादली भरली आणि म्हणालो,
काल काय हाणलं वैनी तुमच्या मालकानं, नांदेडला!
बातमी द्यायला गेलो होतो मी.
ती म्हणाली, व्हय का.
आणि कळशी उचलून गेली.

मतदान घ्या, उबाळे म्हणाले. हात वर करा.
मास्तरांचा हात वर. कुलकर्ण्यांचाही, घरी जायची घाई.
उबाळ्यांचा नाही. मॅडमचा नाही.
पेंटर खिडकीत येऊन उभा.

माझा हात उठला.
हनुवटीपर्यंत आला आणि तिथंच थांबला,
मूठ वळलेली, कोपर बरगडीशी,
मास्तरांनी शिकवला होता तसा.

उबाळ्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि लाल शाईनं मोजला.