तोलाराची वही

सत्तावीस वर्षं सांगलीच्या हळद बाजारात
काटा माझ्या हातात.
पोत्याला हात लागला की बोटांना आधी कळतं,
पन्नासला दोनशे ग्रॅम कमी की जास्त.
स्वतःचा श्वास मात्र
मी कधी काट्यावर ठेवला नव्हता.

पहाटे तीनला उठून बसायचो,
उशी मांडीवर, कोपरं उशीवर.
छातीत बारीक शिट्टी,
गल्लीच्या टोकाला गुरखा वाजवतो तशी,
जवळ येत नाही, लांबही जात नाही.
पद्मल उठायची, दूध तापवायची,
वर चमचाभर हळद.
"खोकल्याला हिच्यासारखं दुसरं काय हाय?"
मी प्यायचो.
सकाळी परत यार्डात, हळदीच्या धुरळ्यात.

वर्षभर हेच. बाटल्या संपल्या.
थुंकी तपासली, काही नाही.
छातीचा फोटो काढला, स्वच्छ.
पेढे वाटले,
आणि त्याच रात्री तीनला पुन्हा उठून बसलो.

मिरजेत, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
तस्लीम नावाच्या पोरीनं नाकाला चिमटा लावला,
तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली.
"काका, भरून घ्या, अजून,
आता सोडा, सोडा सोडा सोडा,
संपला वाटला तरी सोडा!"
सौद्यातसुद्धा एवढं कुणी ओरडत नाही.
पडद्यावर एक रेघ चढली
आणि मध्येच बसली,
भिजल्या पोत्यासारखी.

मग पंपाचे चार दाब,
आणि पंधरा मिनिटं बाकावर.
शेजारची म्हातारी म्हणाली,
"पंपाची सवय लागती बाबा,
माझा भाऊ पंपावरच गेला."
मी बोललो नाही.
दम धरून बसलो.

दुसरी रेघ पहिलीच्या वर गेली.
दोन्ही एकाच कागदावर.
मधल्या फटीवर पेन ठेवून बिरनाळे बाई म्हणाल्या,
"नळ्या आवळतात, औषधानं सुटतात.
ही सुटली म्हणूनच नाव कळलं. दमा."

आमच्यात हा शब्द
पोरीचं लग्न ठरेस्तोवर कुणी काढत नाही.

आणि मग त्यांनी ते विचारलं,
जे वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं:
"रविवारी कसं असतं?"

सांगता येईना.
त्यांनी प्लॅस्टिकची नळी दिली,
फुंकलं की आत काटा सरकतो.
काटा म्हटल्यावर मला हसू आलं.
रोज चार वेळा फुंकायचं, आकडा मांडायचा.

सोमवार दोनशे नव्वद.
बुधवार दोनशे साठ.
गुरुवारी आवक जादा, दोनशे तीस.
रविवारी तीनशे दहा.
मार्चअखेरीला यार्ड पाच दिवस बंद:
तीनशे चाळीस, तीनशे साठ, तीनशे ऐंशी.
एप्रिलच्या पहिल्या सौद्याला
पुन्हा दोनशे सत्तर.

हे आकडे काय म्हणतात ते
बाईंच्या आधी मला कळलं.
एका रात्री वाटलं, गुरुवारचा जरा वाढवून लिहावा.
पेन उचललं.
पण मापात पाप मी शेतकऱ्याशी केलं नाही,
व्यापाऱ्याशी केलं नाही,
छातीशी कसं करू?

पद्मलला सांगितलं.
ती डब्याकडं बघतच राहिली.
"दुधातली पण?"
"दुधातली नव्हं. हवेतली."
तिनं दूध तसंच दिलं, पांढरं.
मग वळली, आणि चिमूटभर टाकलीच.

आता रात्री तीनला मी झोपलेला असतो,
बऱ्याचदा.
वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर
अंगठा पिवळा उठलाय.
उद्या सोमवार.
पंप खिशात, नाकाला दुहेरी फडकं.
शेठला अजून सांगितलेलं नाही.