काळ्याचं मोजमाप

फेलिक्स्टोचा किनारा, रात्रीचे सव्वाअकरा.
व्हॅनचा हीटर नुसता आवाज काढतोय.
गेथिनच्या मांडीवर व्हिनेगर मुरलेले चिप्स,
माझ्या मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपात
एक मनोरा, जो आमच्या नकाशात नाही.

बंदरातल्या क्रेन लाल दिवे लावून उभ्या.
त्यांच्या आसपास कुठेतरी कोणीतरी
आमच्याच कंपनीचं नाव लावून
मोठ्यानं हाकारतंय:
इकडे या, मी जवळ आहे.
आणि फोन जातात.
जुन्या टूजीची रीतच तशी.
खूण पटवायची ती फोननं,
मनोऱ्याला कोणी विचारायचं नाही, बाबा रे, तू कोण?

फाइव्ह-जीच्या प्रशिक्षणात मी एकटीच हसले होते.
फोन आता परक्या दारात खरं नाव सांगत नाही,
दर वेळी नव्या फडक्यात गुंडाळून देतो,
ती गाठ सुटते फक्त माहेरी.
परकं नेटवर्क त्याला तात्पुरतं नाव ठेवतं,
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहावं तसं;
हात फिरवला की पुसलं.
स्लाइडवर नुसते चौकोन आणि बाण.
मला मात्र कुमुदमावशी दिसली,
तांदूळ पुसले गेले तरी
पन्नास वर्षं शालिनी म्हणून ओ देणारी.

राखाडी हॅचबॅक. डिकीत ट्रकची बॅटरी,
गोधडीखाली अँटेना, पंख्याची घरघर.
पुढच्या सीटवर विशीतला पोरगा,
चेहऱ्यावर फोनचा निळसर उजेड,
फुटबॉल बघत होता.
पोलिसांना म्हणाला, रात्रीचे साठ पौंड मिळतात.
पेटीत काय आहे ते विचारायचं नाही, ही अट.
गेथिननं उरलेले चिप्स त्याच्यापुढे धरले.
त्यानं दोन घेतले.

घरी हेरंब जागा.
तो केंब्रिजात काळा रंग मोजतो, पगारी.
काळ्या भिंतींच्या खोलीत, काळा डगला घालून,
पडदा विझल्यावर किती उजेड उरतो ते बघतो.
जुन्या पडद्यामागे दिवा कायम जळायचा,
पुढे स्फटिकांनी नुसती दारं ओढून घ्यायची;
फटींतून, कोपऱ्यांतून झिरपायचंच.
मग दिव्यांच्या हजारो बारीक वाड्या झाल्या,
एकेक वाडी वेगळी विझवता येणारी.
आणि आता प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो,
स्वतःच मिटतो.
आज यंत्रानं शून्य दाखवलं, तो म्हणाला,
यंत्राला त्याच्या खाली मोजता येत नाही, एवढाच अर्थ.
मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच.
गळती नाही असं कोणी लिहून देत नाही,
सापडली नाही, असं लिहितात.

शनिवारी मिसेस टडनमकडे गेले.
पार्सल अडकलंय, असा निरोप आला होता त्यांना,
त्यातल्या दुव्यावर तीनशे चाळीस पौंड गेले.
बँकेचं नाव खरं दिसत होतं हो, असं तीनदा म्हणाल्या,
जणू मीच त्यांच्यावर आरोप केलाय.
फोनात शिरून मी टूजीचं बटण बंद केलं.
फोन जुना, पडद्याच्या कडेनं पिवळट उजेड फुटलेला,
काळं म्हणाल तर राखेसारखं.
नवा घ्या, म्हटलं, त्यात काळं म्हणजे काळंच.
हेरंबचं शून्यही ऐकवलं, थोड्या अभिमानानं.

नको, म्हणाल्या.
रात्री जाग आली की हा असाच उशाशी धरते.
काही लावत नाही, काही वाचत नाही.
कोपऱ्यातून गळतं ना तेवढं,
त्यात चष्मा सापडतो.

मी चहा संपवला.
घरी येऊन हेरंबला हे सांगितलं,
तर तो बराच वेळ काही बोललाच नाही,
मग विचारलं, कुठला कोपरा?