आवक-जावक

पुळणकोट नगरपालिकेत मी कारकून म्हणून लागलो
तेव्हा समुद्र विचारून आत येत असे.

दिवसातून दोनदा
शिपाई यासीन होडेकर चपला हातात घेऊन
पुळणीवर उभा राहायचा
आणि शिक्क्याची चिठ्ठी मोठ्याने वाचायचा :
‘आत येण्यास या कार्यालयाची हरकत नाही.
गाबीतवाड्याच्या पायरीपर्यंत. पुढे नाही.’
शेवटच्या दोन शब्दांना समुद्र जरा कुरकुरायचा,
पण ऐकायचा.

वाऱ्यांवर जकात होती.
खाऱ्या वाऱ्याला दुपारी पूर्ण दर,
मतलईला पहाटे माफी,
कारण तो गरिबांच्या होड्या बाहेर काढतो.
नाक्यावर एस्तेरबाई झिराडकर पितळी तराजू घेऊन बसत.
पारड्यात वारा आला की आधी हुंगत.
‘ह्यात एडनची धूळ आहे, शेरा मारा.’
मी शेरा मारी.

आणि हाकांचं खातं.
किनाऱ्यावरून मारलेली जी हाक
होडीपर्यंत पोचली नाही
ती रात्रीच्या भरतीबरोबर परत येई.
आम्ही ती चिनी मातीच्या बरणीत भरून
नाव, वाडी, तिथी लिहून ठेवत असू.
सोडवायला दोन साक्षीदार लागत.
एवढ्या वर्षांत तिघंजणच आले.

एकदम काही बुडालं नाही हं.
लोक उगाच तसं सांगतात.
आधी तराजूचं एक पारडं गेलं.
मग एस्तेरबाई निवृत्त झाल्या,
जागा रिक्त राहिली,
आणि वारे फुकट जाऊ-येऊ लागले,
दारं आपटत, जावयासारखे.
बरण्या लिलावात निघाल्या.
त्यांत आता कुणी करवंदं मुरवतं.
झाकण उघडलं की आतून बाईच्या आवाजात
‘अगो’ ऐकू येतं म्हणे.
लोणचं चांगलं होतं तरीही.

सभेला एकतीस सभासद.
मग अकरा. मग पाच.
मग अध्यक्ष आणि त्यांची छत्री.
कोरमअभावी सभा तहकूब करायची,
अर्ध्या तासाने तीच भरवायची.
तहकूब सभेला कोरम लागत नाही.
नऊ वर्षं हे शहर
त्या अर्ध्या तासावर चाललं.

शेवटी शिक्क्याची शाई संपली.
मी वर मागणीपत्र पाठवलं.
उत्तर आलं :
‘पुळणकोट नावाचे शहर यादीत आढळत नाही.’
पाकिटावर पत्ता बरोबर होता.
पिनकोडसुद्धा.

त्या अवसेला उधाण होतं.
यासीनला जाऊन दोन वर्षं झालेली.
समुद्र पुळणीच्या काठाशी थांबून राहिला,
संध्याकाळ झाली तरी तसाच,
पगाराच्या रांगेत उभ्या म्हाताऱ्यासारखा.
खाडी सुकत चालली. कालवं उघडी पडली.
बाजारात सुंद्राबाई कुबल माशांची पाटी आवरत होती.
म्हणाली, ‘कसली रे शाय शोधतंस?’
आणि म्हाकुळ चिरून
काळी पिशवी माझ्या तळहातावर ठेवली.
‘ह्याच्यापेक्षा काळा काय गावाचा नाय.’

शिक्का उठला. जरा फुगीर, पण उठला.
चपला काढून मी पुळणीवर गेलो,
यासीनसारखं वाचायला लागलो.
माझा आवाज लहान.
‘पुढे नाही’ म्हणताना तर घशातच राहिला.

समुद्राने कागद हातातून घेतला.
बराच वेळ उलटसुलट केला.
स्वतःचीच शाई ती, ओळखली असणार.
मग आला.
पायरीपाशी थांबला, जुन्या सवयीने,
आणि त्यातली एकच लाट, बारीकशी,
पायरी ओलांडून,
बाजारपेठेतून, बंद नाक्यावरून,
कुठेही न भिजवता
कार्यालयाचा जिना चढून आली
आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

मी वही उघडली.
आवक : लाट, एक नग.
कशाबद्दल, विचारलं. बोलली नाही.
बरण्या असायच्या त्या फळीकडे
नुसती बघत राहिली.

जावकचा रकाना अजून कोरा आहे.
ती उभी आहे. मी बसलोय.
कार्यालयाची वेळ साडेपाचपर्यंत.