येतानाचं तिकीट

फोंडू वेळीप कदंबच्या बसवर कंडक्टर होता,
तेव्हापासून मोजत आलाय.
गावडोंगरीहून मडगाव, पहाटेची गाडी.
शिगमो उरकला की पोरं चढायची,
पाठीला एक पिशवी, खिशात कुणाच्या तरी मामाचा नंबर.
तो तिकीट फाडायचा, सुटे पैसे मोजून हातात ठेवायचा,
आणि रात्रीच्या फेरीला
कोण आलं नाही ते
वेबिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचा.

आयतू : वेर्ण्याला, कारखान्याच्या गेटवर, रातपाळी.
बुधो : पाळोळ्याला, शॅकात ताटं विसळतो.
विशांती : नववीतून. वास्कोला. कुणाच्या घरी ते कळलं नाही.

अकरा वर्षांची पेन्सिल.
डेपोतल्या साहेबाला दाखवली.
साहेब म्हणाला, हा हिशेब आमच्याकडे धरत नाहीत.
फोंडूनं कागद घडी करून चामड्याच्या पिशवीत टाकले,
सुट्या नाण्यांच्या कप्प्यात.

काजूची भट्टी तीन महिने पेटते.
उरलेले नऊ महिने तिथं कोंबड्या.
त्यानं कोंबड्या हाकलल्या,
भाण पालथं घालून त्याला फळा टेकवला.
माझी दहावीची भूमिती हुर्राकाच्या वासात झाली.
आई माझं तोंड हुंगायची
घरात घेण्याआधी.

मास्तर टिकेनात. एक आला तो पावसात गेला,
दुसऱ्याला जळवांची भीती.
शेवटी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले पेद्रूबाब,
गुडघे गेलेले, साखळी मात्र तेल घालून जपलेली.
त्यांना आमची भाषा यायची,
आम्हाला त्यांची त्रिकोणमिती यायची नाही.
डोंगरात नेऊन त्यांनी खुंटी ठोकली
आणि सांगितलं :
जिथून निघालात त्याच खुंटीवर परत पोचलात
तर मोजणी खरी.
नाहीतर फिरून आलात, एवढंच.

फोंडू मागे उभा होता, कोयता आकडीला लावून.
हसला. का हसला ते तेव्हा कळलं नाही.

आता आम्ही सातजण वनहक्काचे दावे मोजतो.
कुमेराच्या मधोमध जंगल खात्याचा दगड,
दगडाच्या अल्याड नाचणी, पल्याडही नाचणी,
आणि उताऱ्यावर रिकामा रकाना.
एका दाव्याचे मिळतात ते पैसे थोडेच, पण मिळतात.
बुधो पाळोळ्याहून आला, नकाशे काढतो,
हात अजून ताट पुसल्यासारखा फिरतो त्याचा कागदावर.

सगळंच जमलं असं नाही.
पहिल्या वर्षीच्या सोलांना बुरशी धरली,
चाळीस किलो, मडगावच्या दुकानदारानं परत पाठवली,
भाडंही आमच्याच माथी.
ओढ्यात ओतली तेव्हा
पाणी बराच वेळ लाल वाहत होतं
आणि फोंडू काठावर बसून होता, काही न बोलता.
दोन पोरी त्याच आठवड्यात मडगावला गेल्या.
त्यानंच स्टॉपपर्यंत सोडलं, भाडं दिलं,
आणि बस हलताना खिडकीशी जाऊन विचारलं,
येवपाची तिकेट खंय गो?

पणजीला सत्कार झाला. शाल मिळाली.
ती प्रिंटरवर असते, धूळ बसू नये म्हणून.

परवा त्याचा स्वतःचा दावा मोजला.
सगळ्यांचे झाल्यावर, शेवटी.
ओढा, काट्याची कूड, फणस, दगड,
बुधो आकडे सांगत होता, मी लिहीत होते.
फिरून खुंटीवर आलो
तर कागदावर दोन हात चूक.
रेघ बंद होईना.
मी म्हटलं, काका, पुन्हा धरावं लागेल.

तो खुंटीपाशी उकिडवा बसला,
दोन हात जमीन तळव्यानं चाचपून पाहिली.
म्हणाला, तेवढी आयतूची असेल.

बुधो हसला नाही.
मी पेन्सिलीला टोक काढलं,
साखळी पुन्हा पहिल्या खुंटीला अडकवली.
खालच्या वळणावर
रात्रीच्या गाडीनं हॉर्न दिला
आणि तिघांनीही
मान वळवून पाहिलं, कोण उतरतंय.