कोळशाचा हिशेब

मला आकडे येत नव्हते, रेघा येत होत्या.
चुलीतला विझका कोळसा उचलायचा
आणि दाराआडच्या भिंतीवर ओढायचा.
उभी रेघ म्हणजे आणा, आडवी म्हणजे पैसा,
रुपयाला फुली.
फुल्या थोड्याच होत्या.

उजव्या अंगाला येणं, डाव्या अंगाला देणं,
आणि वर, हात पुरेल तिथे, ट्रामचे आणे.
खेतवाडीतून कोटात हे चालत जायचे.
उन्हाच्या टोप्या घातलेले ट्रामचे घोडे
शेजारून टापा वाजवत गेले
तरी मान वळवायची नाही, असा पण.
वाचलेला आणा संध्याकाळी माझ्या हातात पडे.
मुठीतून आलेला, घामाने ओला.
तीन महिन्यांत वहाणांचे तळ गेले.
चांभाराने अकरा आणे घेतले,
मी पदराने अकरा रेघा पुसल्या.
हे म्हणाले, "पाय तरी आपलेच राहिले ना!"

मला दिवा हवा होता.
अब्दुल रहमान गल्लीत फिदाअलीच्या दुकानात
छताला टांगलेला, निळ्या काचेचा, पितळी बुडाचा.
भाजीला निघायचं आणि वाकडी वाट करायची.
पहिल्यांदा विचारलं तेव्हा साडेतीन,
पुढे पावणेचार.
"बाई, दिवा तेवढाच आहे," तो धूळ झटकत म्हणाला,
"पण भाव वयात आलाय."
मी हसले आणि दोन पैशांची मेथी घेऊन परतले.
मेथीही कडू निघाली.

देण्याच्या बाजूला एकच खूण होती.
नथ काढली होती मी, वाकडीतिकडी,
कारण बायजाच्या नाकात नथ आधी दिसे, बायजा मागून.
नथीखाली सहा आडव्या रेघा.
एका रात्री घासलेट संपलं, पोराला ताप होता,
तिने कनवटीचे सहा पैसे काढून दिले
आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.
मीही नाही.

मग प्लेगची माणसं आली चुना घेऊन.
गाद्या गॅलरीत, हंडे गॅलरीत,
पाटा-वरवंटासुद्धा बाहेर, त्याला कसला रोग होणार!
कुंचा वरून खाली आला, खालून वर गेला.
ट्रामचे आणे गेले, साखरेच्या वाट्या गेल्या,
चांभार गेला.
साहेब दारात उभा, नाकाला रुमाल.
त्याला काय सांगू, हे जंतू नव्हेत, हा हिशेब आहे?

संध्याकाळी गॅलरीत एकेकीने आपणहून तोंड उघडलं.
भिमाई म्हणाली, "तुझी साखर लागते मी, दीड वाटी."
आवडी म्हणाली, "दोन आणे."
माझ्या आठवणीत तीन होते. मी दोनच म्हटलं.
टोकाच्या खोलीतली तांबटीण
तांदूळ निवडत राहिली, एकही खडा नसलेले.
तिचे पाच आणे चुन्याखाली गेले ते गेलेच.

आणि मी कुणापाशी तोंड उघडणार?
बायजाला आठ दिवसांपूर्वीच डोलीतून नेलं होतं.
नेताना नथ काढून घेतली म्हणे, कुणी, ते कळलं नाही.
नवरा कुलूप न लावताच गावी गेला.
कुठलं गाव? राजापूरकडचं, एक म्हणाली.
दुसरी म्हणाली, छे, घाटावरचं.

दिवा आला. चार रुपयांना, दुसऱ्या दिवाळीला.
काचेला बारीक चीर होती, ती भिंतीकडे फिरवून लावला.
त्याच्या उजेडात पोराच्या पाटीवर
मीही आकडे गिरवले.
एक जमला, दोन जमला, पाच अडला.
सहा काढताना हात थांबला.
पोरगा म्हणाला, "आई, शेपूट राहिलं."

आता वही आहे, शाईही आहे.
डाव्या पानावर पहिली ओळ तीच ठेवते,
दर नव्या वहीत उतरवून घेते.
तांदळाच्या डब्यात तळाशी, चिंधीत, सहा पैसे.
महिनाअखेरीला कितीदा हात गेला तिथवर.
एकदा चार काढलेही होते,
पगार झाल्यावर परत ठेवले.