झाकणाचा वास

शुक्रवारी संध्याकाळी व्हर्लिन कुंपणावरून
तीन वाट्या पुढे करतो, एकेक करून,
तपासायला वह्या द्याव्यात तशा.
"तू मांस खात नाहीस, म्हणूनच तुला विचारतोय," म्हणतो,
"तुझी जीभ अजून धुराने बाटलेली नाही."

रेडिएशननंतर त्याच्या जिभेवरून
आधी गोड गेलं, मग तिखट.
आता कॉफी आणि कोमट पाणी एकच.
उद्या अटलांटाहून लेक यायचीय,
आणि लोरेनाला आईचा हात ठाऊक आहे.

ओडेसाने माप असं कधी लिहिलं नाही.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एवढंच:
पॅप्रिका, पुरेल इतकी.
ब्राउन शुगर, त्याहून जरा जास्त.
मीठ, हात थांबेल तिथे.
हे इंग्रजी मला येतं.
बार्शीच्या मावशीचं काळ्या मसाल्याचं टिपण
ह्याच भाषेत आहे.

मेम्फिसचा जुलै. नदीवरून अशी ओली हवा येते
की मीठ बरणीतच रडायला लागतं.
मी तळहातावर चिमूट घेते.
पहिली वाटी नुसती साखर, मागून मोहरीची पूड धापा टाकत.
दुसरीत लसूण फार बोलतो.
तिसरी जवळची. पण जवळचीच,
ओळखीच्या घरात एक खुर्ची
कुणी हलवून ठेवावी तशी.

त्याच्या परसात मसाला कोरडाच.
दह्यात, व्हिनेगरात घालून ठेवणं म्हणजे
मांसाला आंघोळीला बसवणं, असं त्याचं मत.
मी वाद घालते. आमच्याकडे सगळं मुरतं,
लोणचं मुरतं, दुखणं मुरतं, माणूससुद्धा मुरतो,
आणि काही खटकलं की म्हणतो,
पाणी कुठेतरी मुरतंय.
"आम्ही चोळतो," तो म्हणतो.
चोळायलाही आमच्याकडे पुष्कळ आहे:
बाळाला तेल,
नरकचतुर्दशीला उटणं,
जखमेवर...
हे शेवटचं मी त्याला सांगत नाही.

रात्री साडेदहाला आठवतं.
दोन उन्हाळ्यांपूर्वी ओडेसाने मला बरणी दिली होती,
"तुझ्या कणसांसाठी" म्हणून.
मसाला संपला, बरणीत मेतकूट आलं.
बरणी मी किती वेळा घासली,
पण झाकणाच्या आत रबराची चकती आहे
आणि रबर काही विसरत नाही.
नाक लावते. मेतकुटाच्या खाली,
हिंगाच्याही खाली, ओवा.
ओवा नव्हे. ओव्याचा चुलतभाऊ,
परमुलखात वाढलेला.
सेलरीचं बी.

तशीच सपाता घालून कुंपणाशी जाते.
व्हर्लिन जागाच, हिकरीची लाकडं रचत.
झाकण हातात घेऊन तो हुंगतो.
त्याला काहीच येत नाही.
तरी हुंगत राहतो, बराच वेळ,
मला घरात निघून जावं की काय असं वाटेपर्यंत.
"सेलरी," शेवटी म्हणतो,
"आयुष्यभर नावं ठेवायची तिला. गवत म्हणायची.
माझ्या मनातसुद्धा आलं नसतं."

मग बरगड्यांवर दोन्ही हातांनी, सावकाश,
सांध्यासांध्यातून.
मी टॉर्च धरते,
थोडीशी दुसरीकडे बघत.

शनिवारी दुपारी लोरेना पहिलं हाड साफ करते.
बोटं पुसते. "मीठ जास्त झालंय," म्हणते.
कुणी काही बोलत नाही.
"मॉमाचं नेहमी व्हायचं."

व्हर्लिन नॅपकिन आणायला आत जातो.
नॅपकिन टेबलावरच आहेत.

तेवढ्यात माझ्या जाळीवरचं कणीस
एका अंगाने काळं पडलं.
लिंबू चोळून मी ते तसंच खाल्लं.